इंग्लंडमधील गावे आणि आडनावे

इंग्लंडच्या नकाशावरील नावांत, त्या भूमीवर एकामागून एक येऊन स्थिरावलेल्या समाजांच्या भाषांचे थर साचलेले असून, सर्वांत जुना थर नद्यांनी जपला आहे. ‘एव्हन’ या केल्टिक शब्दाचा अर्थच ‘नदी’ असा होतो. नवागत अँग्लो-सॅक्सनांनी तो विशेषनाम म्हणून स्वीकारल्यामुळे एव्हन नावाच्या अनेक नद्या तेथे आढळतात. ‘कास्त्रा’ म्हणजे लष्करी तळ हा लॅटिन शब्द मँचेस्टर, विंचेस्टर या नावांच्या शेवटी उरला, तर ऑक्सफर्ड म्हणजे बैलांना नदी ओलांडता येईल असा उतार होय.

या सर्व स्थित्यंतरांचा उत्तम पुरावा यॉर्क हे शहर देते. रोमनांच्या ‘एबोराकम’मध्ये अँग्लो-सॅक्सनांना आपल्या भाषेतील ‘एओफर’, म्हणजे रानडुक्कर, हा शब्द ऐकू आला आणि त्यांनी शहराला ‘एओफरविक’ केले, इ. स. ८६५ मध्ये उतरलेल्या डॅनिश सैन्याने पुढे ते जिंकल्यावर त्याचे ‘योरविक’ झाले व त्यातूनच आजचे रूप घडले. त्या सैन्यातील अनेक जण पूर्व आणि उत्तर इंग्लंडात शेती करून राहिल्यामुळे, ग्रिम्स्बी, व्हिट्बी यांसारखी ‘बी’ म्हणजे वस्ती या शब्दाने संपणारी ग्रामनामे मुख्यतः त्याच पट्ट्यात दिसतात.

आडनावे मात्र बरीच नंतरची आहेत. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर विल्यम, जॉन, रॉबर्ट अशी मोजकीच नावे सर्वत्र रूढ झाली. जमिनीचा वारसा आणि १३७७ ते १३८१ या काळातील डोईपट्टीच्या नोंदी यांसाठी एक जॉन दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे आवश्यक ठरले. ग्रामनामावरून पडलेले आडनाव बहुधा गाव सोडलेल्या माणसाला मिळे, कारण गावातच राहणाऱ्याला त्या नावाने वेगळी ओळख मिळत नसे. सातारकर हे आडनाव साताऱ्याबाहेरच अर्थपूर्ण ठरावे, तसेच हे. जमीनदार मात्र आपल्या जहागिरीचेच नाव घेत. डरहॅम परगण्यातील वॉशिंग्टन ही जहागीर बाराव्या शतकात मिळाल्यावर विल्यम द हर्टबर्न याने तिचे नाव धारण केले आणि त्याच्याच वंशात अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जन्मले.

व्यवसायनामे त्याहून बोलकी आहेत. मागावरून उतरलेले लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा कारागीर उत्तरेत ‘वॉकर’, आग्नेयेत ‘फुलर’ आणि नैर्ऋत्येत ‘टकर’ म्हणवला जाई. त्यामुळे एकाच धंद्याची ही तीन आडनावे मध्ययुगीन बोलींच्या सीमा आजही दाखवून देतात.