पेटी आपला क्रमांक सांगते

नामपूर परिसरातून डाळिंबाची गाडी मुंबईकडे निघते, तेव्हा तिच्याबरोबर एक कागद निघतो. हमाल मोठ्याने मोजतो, कारकून टिपून घेतो, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा हाच प्रकार. आकडे जुळले तर ठीक. चार पेट्या कमी भरल्या, तर तूट कोणाच्या माथी मारावयाची हा वाद उभा राहतो. ज्याच्यापाशी पुरावा नाही त्याच्याच माथी ती बसावयाची, आणि पुरावा बहुधा पिकविणाऱ्यापाशी नसतो. मोठ्या वितरण-केंद्रांतून ही मोजणी आता रेडिओलहरींकडून करवून घेतात. या युक्तीस आरएफआयडी म्हणतात.

नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या पाहण्यातली आहे. पिंपळगाव बसवंतच्या किंवा घोटीच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरील फास्टॅग वाचला जातो, तो याच युक्तीने. फेब्रुवारी २०२१ पासून तो देशभर सक्तीचा झाला. त्या चिठ्ठीत बॅटरी नसते. एक बारीक चिप आणि तिला जोडलेली धातूची पातळ अँटेना, एवढाच तिचा संसार! नाक्यावरचे यंत्र लहरी सोडते. त्यांतलीच थोडी शक्ती घेऊन चिप जागी होते आणि आलेली लहर कमीअधिक परतवून आपला क्रमांक कळविते. आरसा हलवून उन्हाच्या कवडशाने दूरच्या माणसास खूण करावी, तसेच हे. ऊन आपले नसते, हलविणे तेवढे आपले. परतलेल्या लहरींनी संदेश धाडण्याचा हा विचार हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली मांडला. स्वस्त चिप हाती येण्यास पुढे अर्धे शतक लागले.

बारकोड एकेक करून यंत्रापुढे धरावा लागतो. येथे गोदामाच्या दारावर अँटेनांची कमान उभारतात, आणि पेट्यांची अख्खी थप्पी तिच्याखालून गेली की नोंद होते. श्रोत्यांपैकी कोणी विचारील, की सगळ्या पेट्या एकदम बोलल्या तर गलका नाही का होणार? होतो. म्हणून यंत्र प्रत्येक चिपला मनाशी एक आकडा धरावयास सांगते व एकेक आकडा पुकारते. जिचा आकडा येईल तिने बोलावे, ऐकली गेली की गप्प बसावे. दोघींचा आकडा एकच निघाला तर पुढच्या फेरीत पुन्हा. अशा शेकडो हजेऱ्या काही क्षणांत उरकतात.

मात्र डाळिंबाच्या बाबतीत एक अडचण आहे. फळात पाणी असते, आणि पाणी या लहरी शोषून घेते. धातू त्या परतवून लावतो. थप्पीच्या मधल्या पेट्या म्हणूनच वाचावयाच्या राहू शकतात. चिठ्ठी बाहेरच्या अंगाला, फळापासून थोडी दूर लावावी लागते. शिवाय पेटी रिकामी असली तरी चिठ्ठी बोलणारच! वजन आणि प्रत यांचा तिला पत्ता नसतो. तेथे काटा आणि माणसाचा डोळाच हवा.

खर्चाचे कोडे याहून अवघड. वॉलमार्ट या अमेरिकन दुकानदारीने २००३ साली आपल्या बड्या पुरवठादारांस जानेवारी २००५ ची मुदत घातली. चिठ्ठीचा खर्च पुरवठादाराचा आणि सोय दुकानाची, अशी ती वाटणी होती. मालवाल्यांनी कुरकुर केली आणि योजना रखडली. आमच्या मते नामपुरासारख्या ठिकाणी आरंभ करावयाचा तर तो पुन्हापुन्हा वापरात येणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्रेटपासून करावा, म्हणजे एकच चिठ्ठी अनेक खेपा चालेल. आणि दारावरच्या यंत्राने केलेली यादी गाडी हलण्यापूर्वी शेतकऱ्याच्या फोनवर गेली पाहिजे, ही अट व्यवहार ठरतानाच घालून घ्यावी.