टाकीत माणूस कोसळला, तर आत उतरू नका!

सेप्टिक टँकमध्ये एक कामगार कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मागोमाग शेजारी. एकाच टाकीत दोन-तीन जीव जातात, आणि ते बहुतेक आपल्याच वस्त्यांतले असतात. म्हणून वस्तीत आम्ही आधी हेच सांगतो: मदतीला धावा, पण आत उतरू नका.

मैला कुजून टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात, प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण तो फार वाढला की नाकाला वासच कळत नाही. दोन-चार श्वासांत माणूस बेशुद्ध पडतो. ओल्या रुमालाने हा वायू अडत नाही. काडी पेटवून पाहू नका, मिथेन भडकतो.

मग करायचे काय?

• 101 वर अग्निशमन दल, 108 वर रुग्णवाहिका बोलवा. ‘टाकीत गॅस आहे’ हे आधी सांगा.
• गर्दी मागे हटवा.
• कामगाराला दोर बांधलेला असेल, तर बाहेरूनच ओढा.
• बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत न्या. श्वास नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबा. तोंडाने श्वास देऊ नका.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. पण भरपाईने माणूस परत येत नाही. ठेकेदाराला एकट्याने नकार देणे जड जाते. तो सगळ्या वस्तीने मिळून द्यायला हवा.

जयभीम!