पगार थांबला तर? अमेरिकेतील डिसॅबिलिटी विमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाची विम्याची फाइल बहुधा जाडजूड असते : गाडी, घर, आरोग्य, शिवाय टर्म इन्शुरन्स. कमावती व्यक्ती गेली तर काय, याची तजवीज झालेली असते. ती हयात आहे पण दोन वर्षं काम करू शकत नाही, या शक्यतेचा कागद मात्र क्वचितच सापडतो. आजारपणाने किंवा अपघाताने कमाई थांबली तर तिचा काही भाग भरून देतो तो डिसॅबिलिटी विमा. त्याविषयीचे काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : माझं काम बैठं आहे, मला कसला धोका?

वस्तुस्थिती : दीर्घकाळ काम थांबवणारी कारणं बहुतांशी आजारांची असतात : पाठीचे आणि सांध्यांचे विकार, कर्करोग, हृदयविकार, नैराश्य. आज विशीत असलेल्या साधारण चौघांपैकी एकाला निवृत्तीच्या वयाआधी अपंगत्व येऊ शकतं, असं सोशल सिक्युरिटी प्रशासन सांगतं. ‘वर्कर्स कॉम्पेन्सेशन’ इथे कामी येत नाही. ते कामामुळे झालेल्या इजेपुरतं किंवा आजारापुरतंच असतं.

गैरसमज : दर पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जाते, म्हणजे सरकार बघून घेईल.

वस्तुस्थिती : १९५६ च्या कायद्याने सुरू झालेल्या सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व योजनेची चाळणी फार बारीक आहे. केवळ आपलंच नव्हे, तर कोणतंही पुरेशा कमाईचं काम करणं अशक्य असावं लागतं आणि ती स्थिती किमान १२ महिने टिकणारी किंवा जिवावर बेतणारी असावी लागते. आंशिक अपंगत्वाला पैसे नाहीत. पहिले पूर्ण पाच महिने सहसा काहीच मिळत नाही आणि बहुतेक अर्ज पहिल्या फेरीत नाकारले जातात. मंजूर झालं तरी २०२५ मध्ये सरासरी रक्कम महिना सुमारे १,६०० डॉलर होती. न्यू जर्सीत तेवढ्यात घरभाडंही भागणं कठीण.

नव्याने आलेल्यांसाठी आणखी एक मेख आहे. वयाची ३१ वर्षं ओलांडलेल्यांना साधारणपणे आधीच्या दहा वर्षांत पाच वर्षांच्या कामाची क्रेडिट्स लागतात. विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या परवानगीच्या (ओपीटी) काळात बहुतेकांचा सोशल सिक्युरिटीचा कर कापलाच जात नाही, त्यामुळे ती वर्षं धरली जात नाहीत. भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षा करार नसल्याने पुण्यातली नोकरीही हिशेबात येत नाही.

गैरसमज : कंपनीचा विमा आहे, ६० टक्के पगार मिळणारच.

वस्तुस्थिती : समजा, मूळ पगार वर्षाला १,२०,००० डॉलर, म्हणजे महिना १०,०००. त्याचे ६० टक्के ६,०००. बोनस आणि कंपनीचे शेअर बहुधा यात धरत नाहीत. हप्ता कंपनी भरत असेल, तर या ६,००० वरही आयकर लागतो. तोच हप्ता तुम्ही कर भरलेल्या पैशातून दिला असेल, तर लागत नाही. सोशल सिक्युरिटीकडून काही मिळालं, तर कंपनीचा विमा सहसा तेवढी रक्कम वळती करून घेतो. शिवाय पैसे सुरू व्हायला बहुधा ९० किंवा १८० दिवस लागतात. अनेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं ‘आपलं काम जमत नाही’ एवढं पुरतं. त्यानंतर ‘कोणतंही योग्य काम जमत नाही’ हे दाखवावं लागतं. मानसिक आजारांसाठी अनेकदा २४ महिन्यांची मर्यादा असते.

नोकरी सुटली की हे संरक्षणही बहुधा सुटतं. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना तर नोकरी संपल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी हवीच.

गैरसमज : राज्य सरकारची योजना आहेच.

वस्तुस्थिती : मोजक्याच राज्यांत. कॅलिफोर्नियात ५२ आठवड्यांपर्यंत, न्यू जर्सीत २६ आठवड्यांपर्यंत मदत मिळते. टेक्साससारख्या राज्यात खासगी नोकरदारांसाठी अशी योजनाच नाही.

गैरसमज : बाळंतपणाचा याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : अल्पमुदतीचा डिसॅबिलिटी विमा नैसर्गिक प्रसूतीनंतर सहसा सहा आठवडे आणि सिझेरियननंतर आठ आठवडे धरतो. मात्र दिवस गेल्यावर घेतलेली वैयक्तिक पॉलिसी ते बाळंतपण बहुधा वगळते.

गैरसमज : चाळिशीनंतर बघू.

वस्तुस्थिती : वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता साधारणपणे उत्पन्नाच्या एक ते तीन टक्के असतो आणि वयाबरोबर वाढतो. मधुमेह किंवा पाठदुखीची नोंद झाली, की विमा महागतो किंवा तो आजारच वगळला जातो. काही कंपन्या ग्रीन कार्ड मागतात, काही एच-१बी चालवून घेतात. दोन-तीन ठिकाणी विचारावं.

एचआरकडे कंपनीच्या विम्याचं ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’ लेखी मागा. त्यात चार गोष्टी शोधा : पैसे कधी सुरू होतात, महिन्याची कमाल रक्कम किती, अपंगत्वाची व्याख्या कधी बदलते आणि हप्ता कोणत्या पैशातून जातो. वार्षिक नोंदणीच्या वेळी कर भरलेल्या पैशातून हप्ता देण्याचा पर्याय असेल, तर तो गांभीर्याने बघा. दर पगारातून थोडे डॉलर जास्त जातील; पण अडचणीच्या महिन्यात ६,००० चे ६,००० हातात पडतील.