एका यादीचे ५,७०८ पत्ते

शोधपेटीत ‘साखरशेत’ हे गावाचं नाव लिहा, एंटर दाबा आणि वरच्या पट्टीतला पत्ता उचलून दुसरीकडे पेस्ट करा. आपलं गोजिरं नाव गायब झालेलं असतं. त्याच्या जागी टक्क्यांची चिन्हं, ई, शून्यं आणि आकडे यांची लांबलचक माळ दिसते. ती मोजून पाहण्यासारखी आहे. स, काना, ख, र, श, मात्रा, त अशा ७ खुणा. प्रत्येकीला संगणकात ३ बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट ३ चिन्हांनी लिहिला जातो. ७ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे ६३ चिन्हं! ‘साखरशेत जव्हार’ लिहिलंत तर मधली मोकळी जागा कधी अधिकच्या चिन्हाने लिहिली जाते, कधी टक्का-वीसने. विचारलं तेच, उत्तरही तेच, पण पत्ते दोन झाले.

हे सगळं पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतर घडतं. प्रश्नचिन्हाच्या आधी पान कुठलं ते असतं आणि नंतर ते कसं हवं त्याच्या सूचना.

समजा, साखरशेतातल्या एका मुलीने वारली चित्रांचं संकेतस्थळ काढलं. चित्रं ४०. यादीवर तिने चार फिल्टर दिले: विषय ५ (तारपा, लग्नचौक, भातलावणी वगैरे), पार्श्वभूमी ३, आकार ४ आणि मांडणीचे क्रम ३. प्रत्येक फिल्टर लावता येतो किंवा मोकळा सोडता येतो, तेव्हा ६ गुणिले ४ गुणिले ५ गुणिले ४, म्हणजे ४८० याद्या झाल्या. इतकं समजण्याजोगं आहे. पण ‘आधी विषय, मग आकार’ आणि ‘आधी आकार, मग विषय’ हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे पत्ते. चारही फिल्टर लावले तर एकाच यादीचे २४ पत्ते होतात. सगळी बेरीज मी कागदावर मांडून पाहिली: ५,७०८. चित्रं ४०च! शिवाय जाहिरातीतून किंवा फेसबुकवरून कुणी आलं की पत्त्याच्या शेपटीला आणखी एक खूण चिकटते, ती वेगळीच.

गूगलबॉटसारखा क्रॉलर, म्हणजे शोधयंत्रासाठी पानं वाचणारा प्रोग्राम, लिंकमागून लिंक धरत फिरतो. दोन पत्ते एकाच पानाचे आहेत हे त्याला बहुतेक वेळा दोन्हीकडे जाऊन पाहिल्यावरच कळतं. पुढचा महिना दाखवणारी दिनदर्शिका असेल तर तो बिचारा सन ३०००च्या पलीकडेही चालत राहू शकतो. तोवर त्या मुलीचं नवं चित्र त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं असतं. याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे तुमच्या संकेतस्थळावर नवा पत्ता जन्माला घालायला तुमच्या परवानगीची गरजच नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाचा कुणी भामटा तुमच्या शोधपानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे स्वतःची जाहिरात लिहितो आणि तो पत्ता लिंक म्हणून कुठेतरी टाकतो. क्रॉलर त्या लिंकवरून येतो, तुमचं पान ‘यासाठी काही सापडलं नाही’ म्हणत ती जाहिरात मोठ्या अक्षरांत दाखवतं, आणि ती तुमच्या नावावर शोधयंत्रात जाऊन बसू शकते.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे वेशीवर पाटी लावायची. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ साली ती सुचवली. रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही साधी फाइल सांगते की यंत्रांनी कुठे जाऊ नये. २०२२ साली ती इंटरनेटच्या अधिकृत मानकांत आली. प्रश्नचिन्ह असलेले सगळे पत्ते त्यात एका ओळीत बंद करता येतात. मात्र ही विनंती आहे, कुलूप नव्हे.

आणि इथेच या विषयातली सर्वांत विलक्षण गाठ आहे. पाटी सांगते ‘आत येऊ नका’. ‘आमचं नाव लिहू नका’ असं ती कुठेही म्हणत नाही. दुसऱ्या कुणाच्या लिंकवरून शोधयंत्राला पत्ता कळला, तर आत न डोकावताही ते तो नोंदवू शकतं, वर्णनाशिवाय, नुसता पत्ता. नोंद नको असेल तर पानावर ‘नोइंडेक्स’ ही खूण लावावी लागते. ती खूण असते पानाच्या आत. वेस बंद असेल तर ती वाचणार कोण? म्हणजे पान नोंदीतून निघावं म्हणून क्रॉलरला आधी आत येऊ द्यावं लागतं! दोन्ही उपाय एकदम केले की एक दुसऱ्याला निकामी करतो, आणि काळजीपोटी माणसं नेमकं हेच करतात.

फिल्टरांच्या पत्त्यांसाठी मला तिसरी वाट सर्वांत सुंदर वाटते. बोलण्यात शेत कधी मोहाखालचं असतं, कधी ओहळापलीकडचं, पण सातबाऱ्यावर गट क्रमांक एकच. पानांसाठी असा गट क्रमांक फेब्रुवारी २००९ मध्ये आला. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ‘कॅनॉनिकल’ खूण स्वीकारली. या पानाचा खरा पत्ता अमुक, एवढंच ती सांगते. शोधयंत्र ती सूचना म्हणून घेतं, हुकूम म्हणून नाही. दोन पानांचा मजकूर वेगळा दिसला तर तिच्याकडे दुर्लक्षही करतं.

तेव्हा आपल्या मुलीने काय करावं? शोधपानावर नोइंडेक्स लावावं आणि त्याची वाट क्रॉलरला मोकळी ठेवावी. फिल्टरांचा क्रम एकच ठरवून टाकावा. क्रम बदलणाऱ्या किंवा शेपटी लावणाऱ्या पत्त्यांवर मूळ यादीचा कॅनॉनिकल द्यावा. ज्या जोडणीत एकही चित्र नाही, तिथे सरळ ‘पान सापडलं नाही’ सांगणारा ४०४ द्यावा. मग थांबावं. क्रॉलर आपल्या सवडीने एकेका पत्त्यावर परत येईल, खुणा वाचेल आणि जुन्या नोंदी एकेक करून गळतील. उरतील ती ४० चित्रं, आणि ‘साखरशेत’ शोधणाऱ्याला ती सापडतील.