दहा मिनिटांत ओसरणारा पूर

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरजवळ पैनगंगा सहस्रकुंडच्या खडकांवरून खाली कोसळते. वरचा पाऊस थांबला की तिची धार रोडावते. तळ्याचं तसं नसतं. त्यात येणारं पाणी तुटलं तरी ते कितीतरी दिवस भरलेलंच दिसतं. पाणी वरून येतंय की थांबलंय, हे ओळखायचं तर धबधब्याकडे बघावं. आपल्या मानेत तयार होणारं एक संप्रेरक या धबधब्याच्या जातीचं आहे. त्याच्या या स्वभावामुळेच ऑपरेशनच्या टेबलावर, रुग्ण भुलीत असतानाच, दुखण्याचं मूळ निघालं की नाही हे सर्जनला कळू शकतं.

हे संप्रेरक बनवणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी बहुतेकांना चार असतात. थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, तांदळाच्या नाहीतर मसुराच्या दाण्याएवढ्या. त्या प्रथम नजरेला पडल्या त्या एका भारतीय गेंड्याच्या मानेत! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९ साली मेला आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या ईवार सांडस्ट्रोम यांनी केलं.

रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की या ग्रंथी संप्रेरक सोडतात, पुरेसं झालं की हात आखडतात. पण कधी त्यातल्या एकीची गाठ होते आणि ती थांबायचं विसरते. मग हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढलं जातं, हाडं ठणकतात, मुतखडे होत राहतात. किनवट भागात काही गावांच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळेही हाडं दुखतात. मात्र फ्लोराइडने हाड दाट होत जातं आणि या आजारात ते पोखरलं जातं. म्हणून हाडं दुखणाऱ्या, पुन्हापुन्हा मुतखडा होणाऱ्या माणसाने रक्तातलं कॅल्शियम एकदा तपासून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

गाठ काढली की प्रश्न सुटतो. पण ती सापडली तर! अमेरिकेतल्या एका जहाजाच्या कप्तानाची सहा ऑपरेशनं झाली तरी गाठ हाती लागली नाही. १९३२ मध्ये बोस्टनला सातव्या वेळी ती छातीत सापडली. शिवाय एक गाठ निघाली तरी दुसरी लपलेली नसेल कशावरून? डोळ्यांना हे सांगता येत नाही. रक्ताला येतं.

या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण दर चार-पाच मिनिटांनी निम्मं होतं. थायरॉइडच्या थायरॉक्सिनला निम्मं व्हायला जवळपास आठवडा लागतो. ते तळं, हा धबधबा. त्यात आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. गाठीमुळे रक्तात कॅल्शियम इतकं वाढलेलं असतं, की बाकीच्या चांगल्या ग्रंथी गप्प बसलेल्या असतात. म्हणजे गाठ निघाली त्या क्षणी संप्रेरक बनवणारं जवळजवळ कुणी उरत नाही. पूर सरसर ओसरतो.

तो मोजायचा मात्र पिकोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात हे संप्रेरक साधारण दहा ते पासष्ट पिकोग्रॅम असतं. त्याचे मोडके तुकडे रक्तात जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून तपासणीत दोन प्रतिपिंडं वापरतात. ८४ अमिनो आम्लांच्या या साखळीचं एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. दोन्हीकडून पकडली गेली तरच ती मोजणीत येते. पूर्वी या तपासणीला फार वेळ लागे. १९८८ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी ती ऑपरेशनच्या वेळात बसेल इतकी जलद केली आणि मियामीचे सर्जन जॉर्ज अर्विन यांनी ती ऑपरेशन थिएटरमध्ये रुळवली.

मियामीचा नियम आजही जगभर वापरतात. एक नमुना चीर देण्याआधी घ्यायचा. दुसरा गाठ मोकळी केल्यावर, पण रक्तपुरवठा तोडण्याआधी. कारण हाताळताना गाठ दाबली जाते आणि संप्रेरक उसळतं. मग गाठ काढायची आणि घड्याळ लावायचं. दहा मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यात आधीच्या दोन्हींतल्या मोठ्या आकड्याच्या निम्म्याहून कमी भरलं, तर मान शिवायला घ्यायची. नाही भरलं, तर उरलेल्या ग्रंथी शोधायच्या. पक्की खात्री सहा महिन्यांनी, कॅल्शियम तोवर ताळ्यावर राहिलं तर.

इकडे वर्षानुवर्षं पोखरलेली हाडं भुकेलेली असतात. गाठ गेली की ती रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढून घेऊ लागतात. गप्प बसलेल्या ग्रंथींना जागं व्हायला वेळ लागतो. एखाद-दोन दिवसांत रुग्णाच्या ओठांना, बोटांना मुंग्या येऊ लागतात, आणि ज्याच्या रक्तात कालपर्यंत कॅल्शियम जास्त होतं त्यालाच नर्स कॅल्शियमच्या गोळ्या आणून देते.