बॅच नेमकं कशाचं वचन देते?

समजा, एका सार्वजनिक वाचनालयाचं ॲप आपण लेव्हलडीबीवर उभं केलं आहे. या डेटाबेसमध्ये तक्ते नाहीत, रकाने नाहीत. एक की आणि तिच्यासमोर एक व्हॅल्यू, एवढाच संसार. सभासद क्रमांक 412 ची सगळी माहिती एका कीखाली आहे. पण काउंटरवर येणारे काका क्रमांक सांगत नाहीत, मोबाइल नंबर सांगतात. म्हणून आणखी एक की ठेवली: मोबाइल नंबर, आणि तिची व्हॅल्यू 412.

काकांनी नंबर बदलला की तीन कामं होतात. जुन्या नंबरची की काढायची, नव्या नंबरची घालायची आणि मूळ नोंदीतला नंबर बदलायचा. पहिलं काम झालं आणि वीज गेली, तर काका जुन्या नंबरने सापडत नाहीत आणि नव्यानेही नाहीत. नोंद जागेवरच असते, पण तिच्यापर्यंत जायची वाट पुसली गेलेली असते.

हे टाळण्यासाठी तिन्ही कामं एका राइटबॅचमध्ये बांधून एकदम लिहायला द्यायची. जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी गूगलमध्ये लिहिलेला लेव्हलडीबी 2011 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यातूनच फेसबुकने रॉक्सडीबी घडवला. बॅचची सोय दोन्हींत आहे आणि तिच्याबद्दलचे गैरसमजही दोन्हीकडे सारखेच.

पहिला गैरसमज असा की, बॅच म्हणजे वेग वाढवायची युक्ती. वेग वाढतो हे खरं, पण तो जोडीने मिळणारा फायदा आहे. बॅचचं मुख्य काम म्हणजे ती ॲटॉमिक असते: एक तर सगळं होणार, नाही तर काहीच नाही. हे साधतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. संपूर्ण बॅच आधी लॉग फाइलमध्ये एकच नोंद म्हणून जाते. सुरुवातीला आठ बाइटांचा अनुक्रमांक, मग चार बाइटांत कामांची संख्या, त्यापुढे कामं. लॉगमध्ये 32 केबीचे ठोकळे असतात. नोंद एका ठोकळ्यात मावली नाही तर तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर तो पहिला, मधला की शेवटचा याची खूण आणि स्वतःचा चेकसम असतो. क्रॅशनंतर डेटाबेस उघडताना लॉगच्या टोकाशी अर्धवट नोंद दिसली, तर ती अख्खी सोडून दिली जाते. अर्धी बॅच कधी लागूच होत नाही.

वेगासाठी बॅच हवीच असंही नाही. अनेक थ्रेड एकाच वेळी लिहायला आले, तर रांगेतला पहिला मागच्यांच्या छोट्या बॅचाही आपल्याबरोबर घेऊन लॉगमध्ये एकदमच लिहितो. ही मोट साधारण 1 एमबीपर्यंत बांधली जाते.

दुसरा गैरसमज सर्वांत महागात पडणारा: ‘ओके’ उत्तर आलं म्हणजे डेटा डिस्कवर पोचला. मुळात लेव्हलडीबी लॉगमधली नोंद ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करून परततो. आपला प्रोग्राम कोसळला तर काही हरवत नाही, पण अख्खं मशीन बंद पडलं तर शेवटच्या काही बॅचा जाऊ शकतात. गेल्या तर पूर्ण जातील, अर्ध्या नाहीत. ॲटॉमिकपणाचं वचन तिथेही पाळलं जातं. टिकाऊपणा हवा असेल तर लिहिताना ‘सिंक’ हा पर्याय चालू करावा लागतो आणि तो महाग आहे. लेव्हलडीबीच्या माहितीपत्रकानुसार सिंकशिवायचं लिखाण बऱ्याचदा हजारपटीहून वेगवान असतं. म्हणूनच अनेक कामं एका बॅचमध्ये घालून एकदाच सिंक करायचं. बॅचमुळे मिळणारा वेग खऱ्या अर्थाने इथे कामी येतो.

‘सगळं एकदमच होतं, मग आतला क्रम कसाही असला तरी चालेल,’ हेही बरेच जण धरून चालतात. बॅचमधली कामं दिलेल्या क्रमानेच लागू होतात. काकांनी फक्त पत्ता बदलला, नंबर तोच ठेवला आणि ‘सेव्ह’ दाबलं. आपण आधी नवी की घालून मग जुनी काढली, तर नुकतीच घातलेली की आपणच पुसली. आधी काढा, मग घाला.

चौथा गैरसमज म्हणजे बॅच आणि ट्रान्झॅक्शन एकच. बॅचमध्ये घालता येतं, काढता येतं. वाचता येत नाही. दोन काउंटरवरच्या दोघांनी एकाच वेळी 412 ची नोंद वाचली, आपापला बदल करून आपापली बॅच दिली, तर दोन्ही यशस्वी होतात आणि आधीच्याचा बदल निमूट नाहीसा होतो. तिथे लॉक लागतं किंवा रॉक्सडीबीतली ट्रान्झॅक्शनची वेगळी सोय. वाचणाऱ्याचंही तसंच. नंबरवरून 412 शोधणं आणि मग नोंद उघडणं ही दोन वाचनं आहेत. त्यांच्या मधोमध दुसऱ्याची बॅच लागू होऊ शकते. दोन्ही वाचनं एकाच क्षणाची हवी असतील तर स्नॅपशॉट घ्यावा.

मोठी बॅच तेवढी चांगली, असंही नाही. लागू होईपर्यंत ती सगळी मेमरीत असते. बिटकॉइन कोअर हा बिटकॉइनचा मुख्य प्रोग्राम 2013 पासून आपल्या नोंदी लेव्हलडीबीत ठेवतो. 2017 मधल्या 0.15 आवृत्तीत त्याने एकच अवाढव्य बॅच सोडून अनेक छोट्या बॅचा लिहायला सुरुवात केली. सुरुवातीलाच ‘इथून तिथवर जातो आहोत’ अशी खूण डेटाबेसमध्ये ठेवायची. मध्येच बंद पडलं तर पुन्हा सुरू होताना ती खूण पाहून मधले तेवढे ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, परत लागू करायचे. मला ही रचना फार आवडते. ॲटॉमिकपणा जिथे परवडत नव्हता तिथे तो सोडला, पण बेफिकिरीने नाही.

शेवटचा घोळ नावाचा. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीत बॅचराइटआयटम नावाची सोय आहे. एका वेळी 25 कामं देता येतात, पण ती एकत्र ॲटॉमिक नसतात. प्रत्येक काम सुटं पूर्ण होतं आणि राहिलेल्यांची यादी परत येते. ती पुन्हा पाठवणं आपल्याकडे. काकांचा नंबर तिथे बदलायचा असेल तर ट्रान्झॅक्टराइटआयटम्स ही 2018 मध्ये आलेली वेगळी सोय वापरावी लागते. तिच्यात एकाच कीवर दोन कामं देताच येत नाहीत. त्यामुळे नंबर तोच आहे का, हे आधी आपणच तपासायचं.