स्वस्त विमान, नेवाशाच्या हिशोबाने

नेवाशाला विमानतळ नाही, पण निवडायला तीन आहेत. श्रीरामपूरमार्गे गेलं की काकडी, म्हणजे शिर्डीचा विमानतळ. प्रवरासंगमला गोदावरी ओलांडली की पुढे छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा. आणि नगर रस्त्याने सरळ गेलं की पुण्याचं लोहगाव. एकाच दिवशी, एकाच शहराला जायचं तरी तिन्हीकडचे दर वेगळे असतात. म्हणून आपल्याकडे स्वस्त विमानाचा हिशोब तिकिटावरून करून चालत नाही, तो घराच्या उंबऱ्यापासून करावा लागतो. तसा केल्यावरही कितीतरी वेळा विमानच परवडतं, ही मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे.

एक रुपयात आकाश

भारतात स्वस्त विमानसेवेची सुरुवात एका शेतकऱ्याने केली. कर्नाटकातल्या गोरूरचे कॅप्टन जी. आर. गोपीनाथ सैन्यातून बाहेर पडले आणि शेतीत रमले. त्यांच्या पर्यावरणपूरक रेशीमशेतीला १९९६ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. पुढे ऑगस्ट २००३ मध्ये त्यांनी ‘एअर डेक्कन’ सुरू केली. काही तिकिटं चक्क एक रुपयाला विकली. कंपनीचा चेहरा म्हणून त्यांनी निवडला आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’, तोच चौकड्याचा कोट आणि धोतरवाला. विमान कोणासाठी आहे हे सांगायला याहून नेमकं चित्र सापडलं नसतं. ती कंपनी पुढे किंगफिशरच्या हाती गेली आणि संपली, पण वाट पडली होती. स्पाइसजेट २००५ मध्ये आली, इंडिगो २००६ मध्ये, अकासा २०२२ मध्ये.

स्वस्त होतं तरी कसं?

विमान जमिनीवर उभं असलं की पैसे खातं, उडत असलं की कमावतं. म्हणून या कंपन्या उतरलेलं विमान अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा आकाशात पाठवायला बघतात. अमेरिकेतली साउथवेस्ट १९७१ साली उडू लागली. पुढच्याच वर्षी पैशांच्या ओढाताणीत तिला चारपैकी एक विमान विकावं लागलं. उरलेल्या तिनांत चारांचं वेळापत्रक बसवायचं म्हणून तिथल्या लोकांनी दहा मिनिटांत विमान परत सोडायची किमया केली. जगभरच्या स्वस्त विमान कंपन्यांनी तिचाच कित्ता गिरवला.

बाकीचं गणित साधं आहे. शक्यतो एकाच जातीची विमानं ठेवायची, म्हणजे वैमानिक, मेकॅनिक, सुटे भाग सगळं एकमेकांना चालतं. एअरबस ए-३२० मध्ये १८० ते १८६ खुर्च्या बसवायच्या. जेवण, आवडीची जागा, जास्तीचं सामान यांचे पैसे वेगळे घ्यायचे. मला यात गैर वाटत नाही. ज्याला सँडविच नको, त्याने शेजाऱ्याच्या सँडविचचे पैसे का भरावेत? गुडघे मात्र समोरच्या खुर्चीला टेकतात. उंच माणसाने दोन-अडीच तासांच्या प्रवासासाठी पुढची किंवा आपत्कालीन दाराजवळची जागा पैसे देऊन घेतली तर ते पैसे सत्कारणी लागतात.

शेजारच्या खुर्चीचा भाव

घोडेगावच्या कांदा बाजारात सकाळचा आणि दुपारचा भाव एक नसतो. विमानाच्या खुर्च्यांचंही तसंच आहे. एका विमानातल्या खुर्च्या वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गट संपला की पुढचा, महागडा गट उघडतो. त्यातून एक बारीक गोष्ट निघते. स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही पाच जणांसाठी शोध घेतलात, तर बऱ्याचदा पाचही तिकिटं महाग दराने दिसतात. आधी एकाच माणसासाठी दर बघा. फरक दिसला तर तिकिटं दोन भागांत काढा. अर्थात मग दोन वेगळी आरक्षणं होतात. विमान रद्द झालं तर कुटुंबाला वेगवेगळ्या विमानांत बसवलं जाऊ शकतं, म्हणून लहान मूल आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर हा खटाटोप करू नये.

रात्री अडीचचं विमान

सगळ्यात स्वस्त विमानं बहुधा आडवेळेची असतात. पुण्याहून पहाटेचं विमान म्हटलं की नेवाशातून रात्रीच निघायचं, किंवा गाडी ठरवायची. ते भाडं तिकिटात मिळवलं की स्वस्ताई बरीचशी विरघळते. दिवसाचं विमान असेल तर एसटी आहेच. याच नगर-पुणे रस्त्यावर १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली, आणि १ जून २०२२ ला विजेवरची पहिली ‘शिवाई’ही इथेच. शिवाय लोहगाव नगर रस्त्याच्या बाजूला असल्याने आपल्याला सगळं पुणे ओलांडावं लागत नाही. मात्र वाघोलीच्या कोंडीसाठी तासभर हाताशी ठेवा. घाई करून तिथे काही उपयोग होत नाही.

शिर्डी जवळ आहे आणि तिथली गर्दी सुसह्य आहे. विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला, रात्री विमान उतरवण्याची सोय २०२५ मध्ये झाली. पण २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दृश्यमानता कमी म्हणून तिथली उड्डाणं काही आठवडे बंद होती. लहान विमानतळाचा हा धोका गृहीत धरावा.

आज आहे, उद्या नाही

स्वस्त विमानांचा सगळ्यात मोठा दोष खुर्ची किंवा सँडविच नाही. या कंपन्यांकडे मोकळं काहीच नसतं: जास्तीचं विमान नाही, जास्तीचा वैमानिक नाही. एक कडी तुटली की साखळी तुटते. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झालेले असताना इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. हजारो उड्डाणं रद्द झाली, बाकीच्यांचे दर भडकले आणि शेवटी सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये. गो फर्स्ट तर मे २०२३ मध्ये बंदच पडली आणि लोकांचे आगाऊ भरलेले पैसे अडकले.

लहान गावांचं दुखणं आणखी वेगळं. लहान गावं विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या ‘उडान’ योजनेची पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला निघाली, त्यांत नांदेड-हैदराबादही होतं. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांसाठी अडीच हजारांची मर्यादा, ही खरोखर मोठी गोष्ट होती. पण ते विमान चालवणारी ट्रूजेट पुढे बंद झाली. अशा मार्गाला सरकारचं अनुदान असतं तीन वर्षांचं, तेवढ्यात प्रवासी जमले नाहीत तर मार्ग पुसला जातो. स्वस्त विमानाचा असा भरवसा नसतो, म्हणून परीक्षा, मुलाखत, व्हिसा अशा कामाला आदल्या दिवसाचं विमान घ्या. लेकीकडे, फिरायला, देवदर्शनाला जायचं असेल तर स्वस्तातलं बेलाशक घ्या.

पिशवीत काय, पेटीत काय

देशातल्या प्रवासात बहुतेक कंपन्या हातातल्या पिशवीला ७ किलो आणि पेटीला १५ किलो देतात. बाजरीचं पीठ, कुरडया, पापड भरून झाल्यावर घरीच वजन करा, विमानतळावरचा जादा किलो फार महाग पडतो. पॉवर बँक फक्त हातातल्या पिशवीत. वाळलेला अख्खा नारळ पेटीत चालत नाही, त्यातल्या तेलाने पेट घेण्याची भीती असते. प्रसादाचं खोबरं असेल तर बारीक तुकडे करून न्या.

हे मागून घ्या

काउंटरवर बोर्डिंग पास दिल्याबद्दल वेगळे पैसे घेता येत नाहीत, हे केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तासांहून जास्त रखडलं तर वेळेवर आलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यावं लागतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते प्रवाशाने ठरवायचं. तिकीट कितीही स्वस्तात घेतलेलं असो, हे नियम सगळ्यांना सारखेच लागू होतात.